चारशे पन्नासची रेघ

सराफ बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
माझं टेबल, एक दिवा, एक भिंग
आणि बोटाएवढी पितळी नळी.
तिला लोक दुर्बीण म्हणतात. मी आता सुधारत नाही.
लांबचं काही दिसत नाही तिच्यातून.
दगडात शिरून बाहेर आलेला उजेड
तेवढा उलगडतो,
लुगड्याची घडी झटकावी तसा.

सावद्याच्या इंदूबाई वारके आल्या,
पिशवीत माझ्यासाठी केळीचे वेफर,
रुमालाच्या गाठीत नीलम. मुलाला साडेसाती.
"शनीचा खडा, शनीचा धातू लोखंड.
मग बघ बाई, यात आहे का लोखंड."
इतका सरळ प्रश्न
मला विद्यापीठातही कुणी विचारला नव्हता.

ट्यूबलाइट मालवली, खिडकीचा पडदा ओढला.

धरणगाव रस्त्याला आमची भट्टी.
भर दुपारी आप्पा उठून
छपराचं गोणपाट खाली सोडायचे.
उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही.
ट्रकचा मोडका कमानपाटा
आधी काळाच, मग कोंबड्याचा तुरा,
मग पळस, मग मक्याचा दाणा,
आणि नेमक्या एका रंगावर घण.
पुढे विळ्याला पाणी द्यायचं तेव्हाही रंगच:
गव्हाळ आला की पाण्यात.
निळ्यापर्यंत गेला तर बाजूला फेकायचे, मऊ पडला म्हणून.
निळ्याला किंमत नव्हती आमच्याकडे.
"लोखंड खोटं बोलस नई, आंडेर,
फक्त अंधारामा इचारनं पडस."

त्यांचं लोखंड उजेड देणारं.
माझं घेणारं.
नीलममध्ये ते असतं हजारात चार-दोन अणू,
शेजारच्या टायटॅनियमला एक इलेक्ट्रॉन उसना देतं
आणि त्या देवघेवीत तांबडा-पिवळा खर्ची पडतो.
उरतो तो निळा.
त्या निळ्यातही, चारशे पन्नासच्या आसपास,
काजळकाडी टेकवल्यासारखी एक रेघ,
ती मात्र एकट्या लोखंडाची.

बाईंच्या खड्यात रेघ नव्हती.
पट्टा सगळा धुतल्यासारखा.
मी घाई केली नाही. सिलोनच्या काही खड्यांत
ती इतकी पुसट असते
की डोळ्याला शपथ घेता येत नाही.
भिंगाखाली धरला. आत वाकड्या रेषा,
गाण्याच्या तबकडीवर असतात तशा.
ज्योतीखाली थेंबथेंब साचून वाढलेला,
कारखान्यातला.
"लोखंड नसल्यातच जमा, इंदूबाई."

त्या गप्प. मग, "खरा कसा दिसतो ते तरी दाखव."
ड्रॉवरमधला नमुन्याचा खडा काढला,
ऑस्ट्रेलियाचा, काळपट, कुणी न घेतलेला,
लोखंडाने गच्च.
मोतीबिंदू काढून त्यांना महिना झालेला, भुसावळला,
जांभळ्याच्या पलीकडचंही काहीतरी दिसत होतं त्यांना,
मला न दिसणारं.
"ही? केसाएवढी?"
"तीच."
"एवढ्याशा काळ्यासाठी एवढा पैसा!"
पण नळी सोडेनात.
"अन् माझ्या विळ्यात किती असेल?"
"विळा म्हणजे बहुतेक सगळं तेच."
हसल्या. "मग तोच ठेवते पोराच्या उशाखाली.
जन्मला तेव्हा ठेवलाच होता."

त्या गेल्यावर पडदा तसाच राहू दिला.
वेफर खात नळीतून नुसता दिवा पाहिला.
सलग पट्टा, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत,
कुठे खंड नाही.
आप्पांची भट्टी अशीच दिसली असती यातून.
लालभडक तापलेलं लोखंड
किती तापलं ते सांगतं,
आपलं नाव सांगत नाही.
दगडात कोंडलं की मग सांगतं.

हे त्यांना सांगायचं राहून गेलं.
सांगितलं असतं तर
माझ्याकडे न बघता म्हणाले असते,
भाता वढ.